क्लॅटची तयारी : सही दोघांची लागते की एकट्याची?

डिचोलीची टायपिस्ट | ३ ऑगस्ट २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथं कितीतरी वर्षं मी नुसती वाचते. लिहायला आज पहिल्यांदा बसलेय आणि तेही रागात, तेव्हा सांभाळून घ्या.

मुलगी बारावी आर्ट्सला आहे. तिला कायद्याला जायचंय आणि क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, द्यायचीय. चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीपासून इंग्रजी. १ ऑगस्टपासून फॉर्म सुरू झालेत, फी चार हजार, परीक्षा ७ डिसेंबरला. पणजीतल्या एका क्लासची फी विचारली, 'बरं बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. त्यात बारावीचं वर्ष, डिचोलीहून रोज संध्याकाळी पणजी, परतीची शेवटची कदंब बस... तेव्हा घरीच करायचं ठरवलं.

काल तिनं एक सराव पेपर सोडवला. मी शेजारी भाजी निवडत बसले होते. कायद्याच्या भागात एक परिच्छेद होता. त्याचा गोषवारा असा : नवऱ्यानं स्वतःच्या कमाईतून घेतलेली मिळकत त्याची एकट्याची, तो जिवंत असेपर्यंत बायकोचा तिच्यात हिस्सा नाही, ती विकायला तिची संमती लागत नाही. पुढे प्रश्न. एक गृहस्थ बायकोला न सांगता फ्लॅट विकतो. बायको कोर्टात जाते. विक्री टिकेल का?

मुलगी म्हणाली, "आई, नाही ना टिकणार?" मी म्हटलं, "मुळीच नाही, दोघांच्या सह्या लागतात." तिनं तसा पर्याय भरला. उत्तरतालिकेत : विक्री वैध.

मी अठरा वर्षं नोटरीकडे टायपिंग करते. विक्रीखत टाइप करताना विकणाऱ्याच्या नावापाठोपाठ 'आणि त्यांची पत्नी' हे शब्द माझी बोटं आपोआप मारतात. बायको दुबईला असली तर मुखत्यारपत्र मागवतात, तोवर व्यवहार अडून राहतो. हे मी रोज बघते. मग उत्तरतालिका चुकली की आम्ही?

त्या पेपरात १२० पैकी ४१.२५ मिळाले. रात्री जेवली नाही.

---

कोर्टाबाहेरचा चहा | ३ ऑगस्ट, रात्री ११.१५

ताई, तुमचा कायदा शंभर टक्के बरोबर आणि तुमचं उत्तर शंभर टक्के चूक.

तुम्ही टाइप करता तो गोव्याचा कायदा. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता आपल्याकडे १८७० पासून लागू आहे. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्यानं ती चालू ठेवली. वारशाच्या भागाची जागा आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यानं घेतलीय, पण नवरा-बायकोच्या मिळकतीचं सूत्र तेच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत दोघांची, निम्मी निम्मी. म्हणून दोन सह्या. खिंडीपलीकडे सावंतवाडीत गेलात की हे चालत नाही. तिथं नवरा स्वतःच्या कमाईचं घर एकट्याच्या सहीनं विकतो.

पण परीक्षेचा मुद्दा हाही नाही. क्लॅटमध्ये 'भारतात कायदा काय आहे' असं विचारतच नाहीत. 'वरच्या परिच्छेदात कायदा काय दिलाय' ते विचारतात. परिच्छेदात लिहिलं की लाल गाडीवाल्यानं उजवीकडून चालवावं, तर त्या पाच प्रश्नांपुरतं लाल गाडीवाल्यानं उजवीकडूनच चालवायचं.

(म्हापशाला वकिली करतो. नाव विचारू नये.)

---

तिसरं सेमिस्टर | ४ ऑगस्ट, सकाळी ७.५०

काकी, मी फोंड्याची. आता एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचा किस्सा वाचून हसले, कारण मीही असाच प्रश्न चुकवला होता. माझा दत्तकाबद्दल होता आणि माझ्या बाजूनं आजी भांडत होती.

गोव्याच्या मुलांसाठी हा खड्डा खास आहे. जमीन, वाटणी, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेला), कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), इन्व्हेंटरी (वारशाच्या वाटणीचा कोर्टातला दावा) हे शब्द आपण जेवताना ऐकत वाढतो. घरात एक तरी दावा चालू असतोच. त्यामुळे कायद्याचं काहीतरी आपल्या डोक्यात आधीच असतं आणि तेच नडतं.

वकीलकाकांनी सांगितलं ते करायचं कसं, ते सांगते. परिच्छेद वाचताना नियमाच्या वाक्याखाली रेघ मारायची. मग त्या नियमाच्या अटी मोजायच्या. तुमच्याच प्रश्नात तीन आहेत : मिळकत स्वतःच्या कमाईची हवी, नवरा जिवंत हवा, संमतीची गरज नाही. पुढचे चार-पाच प्रश्न यातली एकेक अट हलवून तयार करतात. एकात मिळकत वडिलोपार्जित करतील, एकात विक्रीच्या आदल्या दिवशी नवरा वारेल, एकात बायकोनं निम्मे पैसे घातलेले असतील. प्रश्न वाचला की आधी विचारायचं, 'इथं कुठली अट हलली?' उत्तर बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

तुमच्या प्रश्नात एकही अट हलली नव्हती. नियम जसाच्या तसा लागू होत होता. असे प्रश्न सोपे असतात म्हणूनच चुकतात.

---

पेडणेकार बाबलो | ४ ऑगस्ट, दुपारी १.०५

मला एक कळत नाही. मिरामारला साळगावकर कायदा महाविद्यालय आहे, मडगावात कारे आहे. पर्वरीच्या हायकोर्टात उभे राहणारे अर्धेअधिक इथलेच. मग बंगळुरू-हैदराबादला जायचा हा सोस कशाला? त्या विद्यापीठांची वर्षाची फी अडीच-तीन लाखांच्या घरात, काही ठिकाणी त्याच्याही वर. पाच वर्षं धरा. तेवढ्यात पेडण्यात... जाऊ दे, पेडण्यातल्या जमिनीचे भाव बोलायला नकोत. विमानतळ झाल्यापासून तो विषय बंदच केलाय.

---

कोर्टाबाहेरचा चहा | ४ ऑगस्ट, दुपारी २.३०

बाबलो, मी मिरामारचाच. कॉलेजबद्दल तक्रार नाही. गोव्यातच वकिली करायची असेल तर इथं शिकण्याचा एक फायदा बाहेर कुठंच मिळत नाही. इन्व्हेंटरीची फाइल कशी उघडते ते तू पहिल्या दुसऱ्या वर्षातच सीनियरच्या टेबलावर बघतोस. बंगळुरूहून शिकून आलेल्या मुलाला मी 'मोएती' म्हणजे नवरा-बायकोतल्या प्रत्येकाचा निम्मा हिस्सा, हे समजावलेलं आहे.

पण पोरीला दिल्लीत किंवा कंपनीत काम करायचं असेल तर? तिला विचारलं पाहिजे. ताई, तिला काय हवंय?

---

डिचोलीची टायपिस्ट | ४ ऑगस्ट, रात्री ९.२०

तिला म्हणे पाण्याच्या भांडणांवर काम करायचंय. म्हादई नदीच्या वादामुळे. शाळेत असताना एकदा मोर्चाला गेली होती, तेव्हापासून.

सगळ्यांचे आभार. उत्तरतालिकेची माफी मागते. पण उत्तरतालिका कधीच चुकत नाही का हो?

---

तिसरं सेमिस्टर | ४ ऑगस्ट, रात्री १०.०५

चुकते, काकी! १ डिसेंबर २०२४ ला झालेल्या परीक्षेची तालिका कोर्टात गेली होती. आधी दिल्ली उच्च न्यायालय, मग मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही प्रश्नांच्या बाबतीत दुरुस्ती करायला सांगितली. म्हणजे कायद्याच्या मुलांनी कायद्याच्या परीक्षेवर दावा केला आणि काही अंशी जिंकले. पण म्हणून सराव पेपरातल्या प्रत्येक चुकीवर भांडत बसू नका. मी बसायचे.

म्हादईबद्दल एक विचारू? तिला विचारा की लवाद कधी नेमला, निवाडा कधी आला आणि कुणाला किती पाणी मिळालं. फोन न बघता.

---

डिचोलीची टायपिस्ट | ४ ऑगस्ट, रात्री १०.३०

विचारलं. "कर्नाटकानं पाणी पळवलं" एवढंच आलं.

---

तिसरं सेमिस्टर | ४ ऑगस्ट, रात्री १०.५०

वाटलंच होतं. माझंही तसंच होतं. आपल्याला घोषणा पाठ असतात.

लवाद २०१० मध्ये नेमला. निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये आला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३, गोव्याला २४. लवाद नेमला जातो तो १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणी तंटा कायद्याखाली आणि त्या कायद्याच्या मागे घटनेचं कलम २६२ आहे. चालू घडामोडींच्या भागात असंच विचारतात. परिच्छेद बातमीचा असतो, पण उत्तर त्यात असेलच असं नाही. बातमीच्या मागचं पुढचं माहीत असावं लागतं. कायद्याच्या भागात बाहेरचं ज्ञान दाराबाहेर ठेवायचं आणि इथं तेच आत बोलवायचं. एका पेपरात दोन डोकी लागतात.

तिला सांगा, आठवड्याला चारच विषय घे. प्रत्येकाचं एक पान. काय झालं, आधी काय झालं होतं, कुठला कायदा किंवा कलम, पुढे काय अडलंय. एवढंच. रोजच्या बातम्यांच्या तयार यादीत शंभर ओळी असतात आणि एकही आठवत नाही.

---

गणिताची बाई | ५ ऑगस्ट, सकाळी ६.४०

मी निवृत्त शिक्षिका. फोंडा तालुक्यातल्या हायर सेकंडरीत तीस वर्षं गणित शिकवलं. नातवासाठी गेल्या वर्षी या परीक्षेची माहिती काढली होती.

मुलीच्या आईनं गुण दिलेत पण बाकीचे आकडे दिले नाहीत. त्याशिवाय निदान कसं करायचं? किती प्रश्न सोडवले, किती बरोबर, किती चूक, वेळ कुठं गेला?

पेपर १२० प्रश्नांचा, वेळ दोन तास. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुण कापतात. आधी दीडशे प्रश्न होते, डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून १२० केले. कायदा आणि चालू घडामोडी यांना सुमारे पाव-पाव वाटा, इंग्रजी आणि तर्क यांना पाचवा-पाचवा आणि माझ्या गणिताला बिचाऱ्याला दहावा. ते गणित दहावीपर्यंतचंच : टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, तक्ते. आर्ट्सची मुलं ते सोडून देतात. दहा-बारा गुण असे सोडायचे नसतात.

---

डिचोलीची टायपिस्ट | ५ ऑगस्ट, रात्री ९.४५

बाई, तुम्ही मला शिकवलं असतंत तर मी आज टायपिस्ट नसते.

७३ सोडवले. ४७ बरोबर, २६ चूक. २६ चुकीचे म्हणजे साडेसहा गेले, मग ४०.५० व्हायला हवेत. आम्ही ४१.२५ काढले होते! आता परत मोजते.

---

डिचोलीची टायपिस्ट | ५ ऑगस्ट, रात्री १०.०५

२३ चूक. ७० सोडवले होते. ४७ वजा ५.७५, बरोबर ४१.२५. ५० प्रश्नांना तर हातच लागला नाही. तर्काचा भाग आणि गणित पूर्ण कोरं.

---

गणिताची बाई | ६ ऑगस्ट, सकाळी ६.३०

आता बोलता येईल.

सोडवलेल्यांपैकी दोन-तृतीयांश बरोबर आहेत. पहिल्या पेपराला हे वाईट नाही. दुखणं आहे ते पन्नास कोऱ्या प्रश्नांचं, म्हणजे वाचनाच्या वेगाचं. गणित सोडलं तर बाकीच्या परिच्छेदांची लांबी साधारण साडेचारशे शब्द असते. असे वीस धरले तर नुसत्या परिच्छेदांचेच नऊ हजार शब्द झाले. मिनिटाला दीडशे शब्द वाचणाऱ्याचा तासभर त्यातच जातो. मिनिटाला दोनशे वाचणाऱ्याची पाऊण तासात सुटका. ही पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा प्रश्न. मुलीला हुशारी कमी पडत नाही, मिनिटं कमी पडतायत.

उपाय कंटाळवाणा आहे. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक संपादकीय पानावरचा लेख घड्याळ लावून वाचायचा. संपला की लेख पालथा घालायचा आणि आईला मराठीत सांगायचं : लेखकाचं म्हणणं काय, त्याला आधार काय दिला, आणि न सांगता काय गृहीत धरलं. आईनं भाजी निवडत ऐकायचं. सांगता आलं नाही तर वाचलं नाही असं धरायचं. तर्काच्या भागात हेच तीन प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येतात.

मराठीत सांगायचं हे मुद्दाम म्हणते. विचार ज्या भाषेत पक्का होतो त्या भाषेत होऊ दे. शब्द नंतर जुळतात.

---

शेवटचा बाक | ६ ऑगस्ट, दुपारी १२.२०

पण परीक्षा मराठीत का नाही हा मूळ प्रश्न कुणी विचारणार आहे की नाही? महाराष्ट्राची विधी सीईटी मराठीत देता येते. मग ही का नाही? डोंगरी भागातल्या मुलांनी काय करायचं?

---

कोर्टाबाहेरचा चहा | ६ ऑगस्ट, दुपारी १.४५

विचारलाय. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तशी याचिका झाली, बार कौन्सिलनंही इतर भाषांच्या बाजूनं मत दिलं. पण या डिसेंबरात पेपर इंग्रजीतच आहे आणि पोरीला या डिसेंबरात बसायचंय. तुझा प्रश्न रास्त आहे, त्यावर वेगळा धागा काढ, मी येतो भांडायला.

सीईटीचा फॉर्म मात्र ताई, अवश्य भरा. तिच्यात चुकीला गुण कापत नाहीत. पुण्याचं आयएलएस, मुंबईचं सरकारी विधी महाविद्यालय तिच्यातूनच मिळतं. एक भ्रम आधीच घालवतो. 'आम्ही मराठी' म्हणून महाराष्ट्राच्या कोट्यात बसता येत नाही. तिथं रहिवास बघतात, भाषा नव्हे. गोव्याची मुलं बाहेरच्या राज्याची धरली जातात आणि त्यांच्यासाठी जागा मोजक्या. क्लॅटमध्येही तेच. बहुतेक राज्यांच्या विद्यापीठांत तिथल्या रहिवाशांना राखीव जागा आहेत. मुंबई, नागपूर, संभाजीनगर इथंही. आपली मुलं अखिल भारतीय यादीतून झगडतात. साठ-सत्तर हजार मुलं, जागा तीन हजारांच्या वर काही. त्यात गोव्याची म्हणून सवलत शून्य.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी असते, तिचा फॉर्मही वेगळा. हे दरवर्षी कुणीतरी शेवटच्या दिवशी शोधून काढतं. गोव्यात बार कौन्सिलच्या ट्रस्टचंही विद्यापीठ आता आहे. त्यांचे प्रवेशाचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. माझ्याही नाही.

---

यशाची हमी २०२६ | ६ ऑगस्ट, दुपारी ३.००

[हा प्रतिसाद काढून टाकला आहे.]

व्यवस्थापक | ६ ऑगस्ट, दुपारी ३.१०

क्लासच्या जाहिराती इथं चालणार नाहीत. 'आमच्याकडचे पहिले शंभर' वगैरे तर नाहीच नाही. चर्चा चालू ठेवा.

---

निशाचर | ७ ऑगस्ट, रात्री १.३५

मी दोनदा दिली, दुसऱ्यांदा लागली. पहिल्यांदा का नाही लागली ते सांगतो. तयारीवर सगळे बोलतायत, त्या दिवसावर कुणी बोलत नाही.

माझी पहिली परीक्षा ३ डिसेंबर २०२३, रविवार, दुपारी दोनला. गोंयकाराला ३ डिसेंबर म्हणजे काय ते सांगायला नको. जुन्या गोव्याचं फेस्त, चर्चचा मोठा उत्सव! मी फोंड्याकडून बसनं निघालो. केंद्र पणजीच्या बाजूला. अभ्यासात इतका बुडालेलो की ती तारीख फेस्ताची आहे हे डोक्यातच नाही. बाणस्तारी ओलांडली आणि बस जी उभी राहिली ती राहिलीच. बायका मेणबत्त्या घेऊन उतरून चालायला लागल्या. मीही उतरलो आणि हातात प्रवेशपत्र धरून गर्दीतून अर्धा पळत अर्धा चालत निघालो. पुढे एका पायलटनं उचललं. (गोव्याबाहेरच्यांसाठी : पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, विमानाचा नव्हे.)

पोचलो वेळेत. पण हात थरथरत होते. इंग्रजीचा एक प्रश्न अवघड वाटला म्हणून सोडला आणि उत्तरपत्रिकेवर त्याचं वर्तुळ सोडायला विसरलो. अठराव्याचं उत्तर सतराव्यात, एकोणिसाव्याचं अठराव्यात. बॉलपेन, खोडता येत नाही. लक्षात आलं एकतीसाव्याला. चौदा उत्तरं एकेक घर वर सरकलेली. काही नशिबानं बरोबर पडली असतील, पण मला त्यानंतर काही वाचताच आलं नाही.

दुसऱ्या वर्षी प्रत्येक परिच्छेद संपला की त्याची वर्तुळं भरायची आणि शेवटचा प्रश्नक्रमांक मनात म्हणायचा, असं केलं. सराव पेपरही घरी छापील वर्तुळांच्या कागदावरच सोडवले, वहीत अ-ब-क-ड लिहून नाही. वर्तुळं भरायला १२० प्रश्नांना दहा मिनिटं तरी जातात. वहीत सोडवणाऱ्यांना ही दहा मिनिटं फुकट मिळतात आणि परीक्षेत ती अचानक जातात.

यंदा ७ डिसेंबर, रविवार. ८ ला पणजीचं फेस्त. आदल्या दिवशी चर्चच्या पायथ्याशी फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरलेली असणार. केंद्र पणजीला आलं तर सकाळीच पोचा.

---

डिचोलीची टायपिस्ट | ७ ऑगस्ट, सकाळी ८.१५

निशाचर बाळा, वाचून पोटात गोळा आला. आम्ही सकाळी आठच्या बसनंच निघू. केंद्राच्या पसंतीत गोवा सगळ्यात वर घालते.

अंदाजानं ठोकावं की सोडावं? ती म्हणते मैत्रिणी सगळं भरतात.

---

गणिताची बाई | ७ ऑगस्ट, सकाळी ८.५०

चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तर सरासरीनं प्रत्येक प्रश्नामागे ०.०६ गुण मिळतो. म्हणजे काहीच नाही. दोन पर्याय खात्रीनं खोडता आले तर उरलेल्या दोनांत ठोकल्यावर ०.३७ मिळतो. तिथं सोडणं हा तोटा. तेव्हा नियम सोपा : खोडलेले पर्याय मोज. शून्य खोडले तर पुढे जा, दोन खोडले तर भर. एक खोडला असेल तर आईला विचारू नको.

---

पेडणेकार बाबलो | ७ ऑगस्ट, सकाळी ११.३०

बाई, तुमचा वर्ग मला मिळाला असता तर मी दहावीला गणितात दोनदा बसलो नसतो.

एक शंका. परिच्छेदातलाच कायदा धरायचा असेल तर मुलं कायद्याची जाडी पुस्तकं का विकत घेतात?

---

कोर्टाबाहेरचा चहा | ७ ऑगस्ट, दुपारी १.१५

विकणारे विकतात म्हणून. पण थोडं वाचलेलं बरं. करार, निष्काळजीपणा, मूलभूत हक्क या शब्दांशी ओळख असली की परिच्छेद वाचताना ठेच लागत नाही. धोका पाठांतरात आहे. उदाहरण देतो. घातक वस्तू आपल्या जागेत ठेवली आणि ती निसटून शेजाऱ्याचं नुकसान झालं तर जबाबदारी तुझी. हा १८६८ च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लंडच्या खटल्यातला नियम. त्याला अपवाद आहेत, जसं दैवी आपत्ती. मग १९८६ ला ओलियम वायूगळतीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घातक उद्योगांना असे अपवाद मिळणार नाहीत. पाठ केलेल्या पोराला हे दुसरं माहीत असतं. पेपरात परिच्छेद येतो पहिल्याचा, अपवादांसकट. पोरगं रुबाबात 'अपवाद नाही' भरतं आणि जातं. ताईंच्या दोन सह्यांची हीच गोष्ट, फक्त जरा महागड्या पुस्तकातून आलेली.

---

तिसरं सेमिस्टर | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ६.००

+१. काकी, चवथ (गणेश चतुर्थी) २७ ऑगस्टला आहे. पाहुणे, माटोळी, नेवऱ्या, आरत्या यात दहा दिवस जातात हे आत्ताच धरून चाला. त्या दिवसांत पूर्ण पेपर लावू नका. रोज एक परिच्छेद पुरे. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असूनही माझा आठवडा गेला होता. आणि चवथीनंतर दर रविवारी दुपारी दोन ते चार पेपर. तीच वेळ, जेवणानंतरची. तेव्हाच झोप येते.

परीक्षा घेणाऱ्या विधी विद्यापीठांच्या संघाच्या संकेतस्थळावर जुने पेपर आणि नमुना पेपर फुकट आहेत, आधी ते संपवा.

---

डिचोलीची टायपिस्ट | २१ सप्टेंबर, रात्री १०.१०

मंडळी, बरेच दिवसांनी आले. चवथ दणक्यात झाली, पाच दिवसांचा असतो आमच्याकडे.

आकडे, बाईंसाठी, यावेळी दोनदा मोजून : आज १०१ सोडवले, ७२ बरोबर, २९ चूक, ६४.७५. गणितात १२ पैकी ८. रोजचा लेख चालू आहे. आधी सव्वाचार मिनिटं लागायची तेवढ्या लांबीला आता तीन लागतात. भाजी निवडून संपते पण तिचं सांगणं संपत नाही, आता तीच मला उलट प्रश्न विचारते. म्हादईचं पान भिंतीवर लावलंय. २६२ माझ्याही पाठ झालं.

आज कायद्याच्या भागात नवरा-बायकोच्या मिळकतीचा परिच्छेद पुन्हा आला, वेगळ्या पेपरात. यावेळी उलटा : लग्नानंतरची मिळकत दोघांची, दोघांची संमती हवी. प्रश्नात नवऱ्यानं एकट्यानं जमीन विकली. मी मनात म्हटलं, चला, हा तरी आपला! तिनं रेघ मारली, अटी मोजल्या आणि भरलं, विक्री वैध. मी म्हटलं, "अगं!" तर म्हणाली, "आई, जमीन त्यानं लग्नाच्या दोन वर्षं आधी घेतलीय. तिसरी ओळ वाच."

वाचली. होतं खरं.

---

कोर्टाबाहेरचा चहा | २१ सप्टेंबर, रात्री १०.४५

ताई, आपल्या संहितेप्रमाणे लग्नाआधीचीही दोघांची होते हो, करार नसेल तर.

---

डिचोलीची टायपिस्ट | २१ सप्टेंबर, रात्री १०.५०

माहीत आहे! तिला सांगू नका. ३१ ऑक्टोबरपर्यंत फॉर्म आहे, उद्या बसतेय भरायला. फोटोचा आकार किती केबीचा लागतो ते कुणी सांगेल का?